तापलेले इंजिन थंड झाले, पण बरे झाले का?

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडचे नाव निघाले की टेकडी आणि बाबा फरीद यांचा दर्गा आठवतो. बोटीचा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण जुलै २०२२च्या अतिवृष्टीत याच समुद्रपूर तालुक्यात आणि शेजारच्या हिंगणघाटात गावांत पाणी शिरले, तेव्हा बचाव पथके लागली. रबरी बोटीमागे टांगलेले इंजिन, जवानांच्या बोलण्यातले ‘ओबीएम’, भर पुरात तापून त्याचा जोर गेला, तर नुसत्या वल्ह्यांनी तो प्रवाह कापता येत नाही.

या इंजिनाला सहसा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ते चालते तेच पाणी खालच्या जाळीतून ओढून सिलिंडरभोवती फिरवते आणि बाहेर टाकते. २५ अश्वशक्तीच्या इंजिनात, पूर्ण वेगात, ढोबळमानाने १८ किलोवॉट उष्णता पाण्याने वाहून न्यावी लागते. पाणी ३० अंशांनी तापू दिले, तरी मिनिटाला आठ-नऊ लिटर हवे. ते काम रबरी पात्यांच्या इम्पेलरचे. मागून उडणारी पाण्याची बारीक धार पाहिली की तो चालतोय हे कळते.

इकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिचा गाळ जाळीला दाद देत नाही, सरळ आत जाऊन पाण्याच्या वाटांत साचतो. जाळी तुंबते ती गवत, पऱ्हाटी आणि प्लास्टिकने. पाणी थांबले की इम्पेलर कोरडा घासतो, पाती तुटतात, तुकडे पुढे जाऊन अडकतात. नवा इम्पेलर बसवूनही इंजिन पुन्हा तापते, ते अनेकदा या आत राहिलेल्या तुकड्यांमुळे. ते वेचून काढल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.

आता गेलेल्या जोराकडे वळू. बरीच नवी इंजिने तापमान वाढताच आपणहून फेरे कमी करतात. हा बचाव आहे. थंड झाल्यावर जोर परत यायला हवा. तो आला नाही तर आधी सेन्सर आणि थर्मोस्टॅट पाहावा. खरी भीती दुसरीच. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी जास्त तापला, तर सुमारे ०.१८ मिलिमीटर फुगतो. लोखंडी अस्तर तितकेच तापले तरी त्याच्या निम्मेच फुगते. मधली फट तर मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची. ऑईलचा थर तुटतो, पिस्टन अस्तराला घासतो, रिंगा खोबणीत चिकटतात आणि दाब गळू लागतो. असे इंजिन चालू होते, रिकाम्या बोटीत बरे वाटते, माणसे बसली की दम सोडते.

हे ओळखायला इंजिन लगेच खोलावे लागत नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब कॉम्प्रेशन गेजने मोजावा. एकाचा दाब इतरांपेक्षा बराच कमी भरला, तर नुकसान तिथे. प्लगच्या टोकावर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर पिस्टन वितळू लागला आहे. पाण्याचे थेंब दिसले, तर संशय हेड गॅस्केटवर.

एकदा तापलेले इंजिन या तपासणीशिवाय पुन्हा पुरात नेऊ नये. म्हणून जिल्ह्यातल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणांना विनंती: कोणते इंजिन कधी तापले याची नोंद ठेवा. मे महिन्यात ड्रममध्ये चालवून धार पाहा, मग तालुक्यातल्याच लाल नाला जलाशयात पूर्ण ओझे घेऊन पूर्ण वेगात चालवा. जोर कमी पडला, तर पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीला वेळ असेल.