दुर्बिणीतला तो धुरकट ठिपका

शाळेच्या मैदानावर किंवा घराच्या गच्चीवर आकाशदर्शन ठेवलं की चंद्र आणि शनीपर्यंत सगळं छान चालतं. चंद्रावरची विवरं पाहून मुलं ओरडतात, शनीची कडी पाहून तर पुन्हा रांगेत येऊन उभी राहतात. मग येते दीर्घिकेची पाळी. मूल डोळा लावतं, जरा थांबतं आणि म्हणतं, "सर, काहीच दिसत नाही." किंवा नुसती मान हलवून "हो, दिसलं" म्हणतं आणि बाजूला होतं. हे दुसरं उत्तर मला जास्त बोचतं. न दिसलेलं दिसलं म्हणायची सवय निदान विज्ञानाच्या निमित्ताने तरी लागू नये.

दोष बहुतेक वेळा दुर्बिणीचा नसतो, अपेक्षेचा असतो. पुस्तकातले लाल-निळे फोटो कॅमेऱ्याने मिनिटंच नव्हे तर तासन् तास प्रकाश साठवून काढलेले असतात. आपल्या डोळ्याला असा प्रकाश साठवता येत नाही. शिवाय मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका आपल्याला राखाडीच दिसणार. हे मुलांना दुर्बिणीजवळ नेण्यापूर्वीच सांगून टाका. "फोटोसारखं दिसणार नाही, पण जे दिसेल ते खरं असेल," एवढं वाक्य पुरतं.

दुसरी तयारी डोळ्यांची. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झगझगाटाने ती सगळी कमाई वाया जाते. पालकांनो, इथे तुमची मदत हवी. फोन खिशातच राहू द्या. उजेड लागलाच तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. आणि मुलांना तिरकी नजर शिकवा. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा त्याच्या आजूबाजूचा भाग मंद प्रकाश जास्त चांगला टिपतो. म्हणून ठिपक्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं. नाहीसा वाटणारा ठिपका एकदम उमटतो! मुलांना हा जादूचा प्रयोगच वाटतो.

आता काय दाखवायचं? सुरुवात तारकागुच्छांनी करा. दुर्बीण ताऱ्यांना उठाव देते, पण पसरट धूसर उजेडाला ती मोठं करते, उजळ करत नाही. त्यामुळे गावातल्या दिव्यांमध्ये दीर्घिका बुडून जाते, तारकागुच्छ मात्र तग धरतो. हिवाळ्यात कृत्तिका घ्या. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, साध्या द्विनेत्रीतून कितीतरी. इथे मोठ्या दुर्बिणीचा मोह नको, कारण कृत्तिकांचा पसारा जवळपास चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढा आहे. सहा इंची दुर्बिणीत तो मावतच नाही. मार्चमध्ये कर्क राशीत, पुष्य नक्षत्रापाशी असाच एक सुंदर गुच्छ आहे.

तेजोमेघ पाहायचा तर मृग नक्षत्राला पर्याय नाही. फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला ते उंचावर असतं. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला फिक्या ताऱ्यांची छोटी ओळ आहे, तिच्या मध्यावर दुर्बीण रोखा. पंख पसरल्यासारखा धुरकट उजेड आणि त्याच्या गाभ्यात चार तारे दाटीने बसलेले. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर या ढगात नवे तारे जन्म घेत आहेत.

आणि आता ती दीर्घिका. देवयानी! नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अमावस्येच्या मागेपुढे, गावाबाहेर जाऊन पाहा. डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन सापडेल. त्याच्या ईशान्य कोपऱ्याच्या ताऱ्यापासून देवयानीची रांग निघते, तिच्यातला पुढचा ठळक तारा मिराक. तिथून शर्मिष्ठेच्या दिशेला वळा, दोन फिके तारे ओलांडा. दुसऱ्याच्या अगदी जवळ कापसाचा पिंजलेला लांबट पुंजका दिसेल. आयपीस सगळ्यात कमी मोठं करणारी लावा, म्हणजे २५ मिलिमीटरची, १० ची नको. जास्त मोठं केलं की आधीच मंद असलेला उजेड आणखी पातळ होतो. दुकानाच्या खोक्यावर छापलेले वर्धनाचे मोठमोठे आकडे विसरून जा.

दिसतो तो फक्त दीर्घिकेचा गाभा. पूर्ण देवयानी आकाशात चंद्राच्या सहापट लांब आहे, तिची बाकीची तबकडी आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर राहते. पण त्या पुंजक्यातून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून मुलाच्या डोळ्यात शिरतो आहे. हे वाक्य आधी सांगू नका. आधी पाहू द्या, मग सांगा आणि पुन्हा एकदा पाहायला लावा. आकाशगंगेच्या बाहेर अशा दीर्घिका आहेत हे एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी सिद्ध झालं, त्यालाही जेमतेम शंभर वर्षं होताहेत. त्यापूर्वी मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ या पुंजक्यावरून वाद घालत होते.

या वस्तूंना एम ३१, एम ४२ अशी नावं का, असं कुणीतरी विचारतंच. फ्रान्सचा शार्ल मेसिए धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे ठिपके त्याला फसवायचे, म्हणून त्याने त्यांची यादीच केली. १७८१ च्या यादीत १०३ नोंदी होत्या. नको असलेल्या गोष्टींची यादी आज हौशी निरीक्षकांची पहिली वही झाली आहे.

पण या यादीत नसलेला एक मानाचा तारकागुच्छ आपल्याला महाराष्ट्रातून दिसतो. मेसिएच्या पॅरिसमधून तो क्षितिजावर येतच नाही. मे महिन्याच्या शेवटी रात्री साडेनऊच्या सुमारास चित्रा ताऱ्यापासून सरळ खाली दक्षिणेकडे, हात लांब करून साडेतीन मुठी मोजा. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी तो हाच. जवळपास एक कोटी तारे आणि अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं. द्विनेत्रीतून धुक्याचा गोळा दिसतो, सहा इंची दुर्बिणीतून त्याच्या कडा रव्यासारख्या सुट्या होऊ लागतात. दक्षिणेला शहराचे दिवे नसलेली जागा मात्र आधी पाहून ठेवा, आणि हे काम जूनच्या ढगांआधी उरका.

प्रत्येक वेळी मुलांच्या हाती पेन्सिल आणि बशीएवढं वर्तुळ काढलेला कागद द्या. जे दिसलं तेच काढायचं, फोटो आठवून नाही. कुणाचा कागद कोराच राहिला तर त्यावर तारीख, वेळ आणि "आज दिसलं नाही" असं लिहून घ्या. तीही नोंदच आहे, ती वहीत चिकटवा.