कडबा घेताना शेकडा नव्हे, किलो पाहा

दुधाच्या धंद्यातला नफा चाऱ्यावर ठरतो, हे तबेलेवाल्या बांधवांना आम्ही सांगायला नको. सोलापूर, बीड भागात रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा कडबा उतरतो. मे महिन्यात चढतो. पण कडबा शेकड्याने विकतात आणि फसगत तिथेच होते.

समजा, २ किलोच्या पेंढ्यांचा शेकडा २,००० रुपयांना मिळाला, तर किलोला १० रुपये पडले. दीड किलोच्या पेंढ्यांचा शेकडा १,८०० रुपयांना स्वस्त वाटतो, पण किलोला १२ रुपये पडतात. म्हणून सौद्यापूर्वी गाडीच्या वरच्या, मधल्या व खालच्या मिळून दहा पेंढ्या काट्यावर घालाव्यात. ओला कडबा टाळावा; त्याचे वजन भरते, पण ते पाण्याचे असते.