जुन्या इंजिनातला कार्बन : आधी कारण, मग सफाई

पेट्रोल किंवा डिझेल पुरते जळले नाही, की त्यातल्या कार्बनचा काही भाग धुरावाटे बाहेर न जाता इंजिनातच राहतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली, इंजिन थंड असले किंवा इंधनाचा फवारा नीट फुटला नाही, तर ज्वलन अर्धवट होते आणि काजळी धरते. कार्बनचा दुसरा उगम म्हणजे इंजिन ऑइल. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची सीले कडक झाली, की ऑइल दहनकक्षात शिरून जळते. त्याचा चिकट थर धातूवर बसतो, त्याला काजळी चिकटते, आणि रोजच्या उष्णतेने तो थर भाजून चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा कडक होतो.

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या परिसरात या दोन्ही कारणांना पोषक परिस्थिती आहे. हा पर्जन्यछायेतला कोरडा भाग. मातीच्या रस्त्यांवर उडणाऱ्या धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरमुळे हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण तयार होते. फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसवलेला असेल, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा झिजवते आणि ऑइल वर चढू लागते. त्यातच घर ते शेत, शेत ते डेअरी अशा किलोमीटर-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर इंजिनातले पाणी ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापण्याआधीच गाडी बंद होते. थंड इंजिनाला इंधन जास्त लागते, आणि त्यातले न जळलेले इंधन कार्बनच्या रूपाने आत उरते.

कार्बन कुठे साचतो, काय बिघडवतो

पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या पोकळीत साचलेला कार्बन दहनकक्षाची जागा कमी करतो. त्यामुळे कॉम्प्रेशन वाढते आणि चढावर, जास्त गिअरमध्ये इंजिन नॉक मारू लागते. थराचा एखादा कोपरा निखाऱ्यासारखा तापलेला राहिला, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये चावी बंद केल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. कार्बन व्हॉल्व्हच्या बैठकीवर साचला, की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि गाडी मिसिंग करते. रिंगांच्या खाचांत साचला, तर रिंगा जाम होतात, ऑइल जळते आणि त्यातून आणखी कार्बन तयार होतो.

डिझेल गाडीत दुखणे वेगळ्या जागी असते. धुराचा काही भाग पुन्हा हवेच्या नळीत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी करतो. मात्र धुरातली काजळी आणि इंजिनच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र येऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर जमतो. पाबळ ज्या तालुक्यात आहे त्याच शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. प्रत्यक्षात १२४८ सीसीचे हे इंजिन फियाट पुंटो व लिनिआ या गाड्यांत होते, आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये ते क्वाड्राजेट या नावाने आले. या जातीची जुनी इंजिने पिकअप देईनाशी झाली, की अनुभवी मेकॅनिक ईजीआर आधी उघडून पाहतात.

सफाईआधीची तपासणी

कार्बन दिसला म्हणून लगेच खरवडायला घेणे चुकीचे. तो कुठून आला हे कळल्याशिवाय केलेली सफाई काही महिनेच टिकते. पेट्रोल गाडीत पहिली साक्ष स्पार्क प्लग देतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी, मखमली काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, म्हणजे चोक, फिल्टर किंवा कार्बोरेटर तपासावा. ओलसर, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल वर येत आहे. एकाच सिलिंडरचा प्लग काळा असेल, तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे.

सायलेन्सरचा धूरही हेच सांगतो. काळा धूर जास्तीच्या इंधनाचा आणि निळसर धूर ऑइलचा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंगची शंका घ्यावी. अशा वेळी कार्बनची सफाई बाजूला ठेवावी लागते.

तिसरी तपासणी कॉम्प्रेशन गेजची. सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा दोषी. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग दोषी. रिंगांची झीज कोणतेही रसायन भरून काढत नाही. कार्बनने जाम झालेल्या रिंगा मात्र मोकळ्या होऊ शकतात.

इंजिन न उघडता होणारी कामे

घरच्या सफाईचा क्रम सौम्य उपायापासून कडक उपायाकडे जाणारा असावा. सुरुवात नवा एअर फिल्टर, योग्य ग्रेडचे ताजे ऑइल आणि स्वच्छ केलेले प्लग यांनी करावी. प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने लावावा. काही गाड्यांची निम्मी तक्रार एवढ्यावरच मिटते.

त्यानंतर थ्रॉटल बॉडी. इंजिन थंड असताना हवेची नळी सोडवून, थ्रॉटल क्लीनरने भिजवलेल्या कापडाने पाकळीच्या कडेचा काळा थर पुसावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नये. आतली दातेरी चाके तुटू शकतात.

पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या द्रावणांपैकी पॉलिइथर अमाइन असलेली द्रावणे इंजेक्टरवरचा आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा थर हळूहळू धुतात. जुन्या एमपीएफआय गाड्यांत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारा मारतो, म्हणून द्रावण तिथे पोहोचते. डिझेलमधले द्रावण मात्र इंजेक्टरपर्यंतच काम करते. ईजीआरच्या वाटेत डिझेल जातच नाही, त्यामुळे तिथला थर बाटलीने निघत नाही.

इंजिन पूर्ण तापवून पंधरा-वीस मिनिटे थोड्या चढ्या आरपीएमवर, वेगमर्यादेत चालवणे हाही जुना आणि उपयोगी उपाय आहे. पाबळच्या गाडीला त्यासाठी शिक्रापूरला पुणे–नगर महामार्ग मिळतो. स्पार्क प्लगचे टोक साधारण ४५०-५०० अंशांच्या वर तापले, की स्वतःवरची काजळी जाळून टाकते. त्यामुळे मऊ काजळी या फेरीने जाते. भाजून कडक झालेला थर जात नाही. पाणी किंवा ऑइल कमी असलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

चालू इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये पाण्याची बारीक धार सोडून वाफेने कार्बन सोडवण्याची पद्धत काही जुन्या मेकॅनिकांकडे होती. पाणी दाबले जात नाही. ते जरा जास्त गेले, तर पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. घरच्या कामात ही पद्धत टाळावी.

पिस्टन भिजवणे

रिंगा जाम असल्याची शंका असेल, तर हेड न काढता पिस्टन भिजवता येतात. इंजिन कोमट असताना प्लगभोवतीची धूळ ब्रशने किंवा हवेने साफ करावी, नाहीतर प्लग काढताच ती आत पडते. चार सिलिंडरच्या गाडीत क्रँक फिरवून चारही पिस्टन मध्यावर आणता येतात. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात तिन्ही एका पातळीत येत नाहीत. प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन सोडवणारे द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात ओतून, सांगितलेले तास थांबावे.

पुढची पायरी सर्वांत काळजीची. भोकांमध्ये द्रावण असताना प्लग लावून स्टार्टर मारला, तर पाण्यामुळे होते तेच नुकसान होते. म्हणून इग्निशन आणि पेट्रोल पंपाची जोडणी काढून, भोकांवर जाड कापड टाकून, प्लग न लावताच इंजिन फिरवावे. उरलेले द्रावण जोरात बाहेर उडते, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा आणि जवळ ठिणगी किंवा विडी-काडी नको. काही द्रावण रिंगांमधून खाली उतरून ऑइल पातळ करते. ऑइल व ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालू करू नये. पहिली काही मिनिटे भरपूर धूर येतो, म्हणून गाडी मोकळ्या जागेतच चालू करावी.

हेड काढून सफाई

यालाच गॅरेजमध्ये डीकार्ब म्हणतात, आणि कार्बोरेटरच्या काळात तो ठरावीक अंतराने होणाऱ्या देखभालीचा भाग होता. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन या कामासाठी सोपे होते. हेड अ‍ॅल्युमिनिअमचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालणारे. मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्ट असल्याने खुणा जुळवण्याचे काम वाढते. खूण चुकली तर इंजिन नीट चालत नाही, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

हेड पूर्ण थंड झाल्यावरच काढावे. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. गरम हेड किंवा एकाच बाजूने सोडलेले बोल्ट यांमुळे हेड वाकते. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि पुशरॉड क्रमांक घालून ठेवावा, म्हणजे तो आपल्याच जागी परत जाईल. पिस्टनभोवतीच्या फटीत ग्रीस भरले, तर खरवडलेला कार्बन खाली न जाता त्यात अडकतो. पाण्याच्या व ऑइलच्या वाटा कापडाने बंद कराव्यात.

खरवडायला लाकडी, प्लॅस्टिकची किंवा पितळी पट्टी वापरावी. लोखंडी पात्याचा ओरखडा अ‍ॅल्युमिनिअमवर कायमचा राहतो, आणि पॉलिश पेपरचे कण रिंगा व बेअरिंग खातात. झिजलेल्या इंजिनात पिस्टनच्या अगदी कडेचे बारीक कार्बनचे कडे तसेच ठेवण्याचा जुना प्रघात आहे. ते ऑइलला काही प्रमाणात अडवते.

लोखंडी सुटे भाग कॉस्टिक सोड्यात उकळण्याची पद्धत लहान गॅरेजांत आढळते. हेड आणि पिस्टन अ‍ॅल्युमिनिअमचे असतील तर ती घातक आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनिअम खाते आणि त्या प्रक्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो.

व्हॉल्व्हची बैठक खराब दिसली, तर लॅपिंग पेस्ट लावून, चोखणी लावलेल्या काठीने व्हॉल्व्ह पुढे-मागे फिरवावा. बैठकीवर सलग करडा पट्टा दिसला की थांबावे. पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतून पाझर तपासता येतो. शेवटी पेस्टचा कण न कण धुऊन काढावा. हेडचा सपाटपणा सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावा. मर्यादेबाहेर वाक असेल तर हेड यंत्रशाळेत फेस करून घ्यावे लागते. पॅकिंग नवेच लावावे आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. टॉर्क पाना मिळत नसेल, तर हे काम घरी सुरू करू नये.

मोजून, कारण समजून काम करण्याची ही शिस्त शाळकरी वयातही येऊ शकते, असा विश्वास पाबळमध्येच एका संस्थेने ठेवला. हिंदुस्थान लीव्हरमधले संशोधन सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. प्रत्यक्ष काम करता करता शिकणे हे त्याचे सूत्र. शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य यांची कामे एकत्र शिकवणारा तिथला अभ्यासक्रम पुढे राज्यातल्या अनेक शाळांत गेला, आणि मेकबुल नावाचा छोटा ट्रॅक्टरही याच आश्रमात घडला. जुने इंजिन उघडणाऱ्या गावच्या तरुणाला ज्वलन, उष्णता, दाब आणि धातूंचे गुणधर्म हे सगळे एकाच टेबलावर शिकायला मिळते.

डिझेलची खास काळजी

ईजीआर काढण्याआधी इंजिन थंड करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. व्हॉल्व्ह सुटा करून, विजेच्या भागावर द्रव जाऊ न देता, क्लीनर आणि नायलॉन ब्रशने साफ करावा आणि नव्या पॅकिंगसह बसवावा. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत कोणताही ज्वलनशील स्प्रे मारू नये. डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. बाहेरून मिळालेल्या इंधनावर ते बेफाम फिरू शकते आणि चावी काढूनही थांबत नाही. कॉमन रेलच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो, म्हणून चालू इंजिनाची नळी कधीही सैल करू नये. ईजीआरची वाट पत्रा लावून बंद करणे हा उपाय नव्हे. कार्बन कमी होतो, पण नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत जातात.

डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. काजळी कोरडी खरवडताना मास्क व हातमोजे घालावेत, आणि ती फुंकणीने उडवण्याऐवजी ओल्या कापडाने टिपावी. काळे ऑइल आणि वापरलेले द्रावण डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. पाबळसारख्या पाण्याची टंचाई असलेल्या भागात ते बांधावर किंवा ओढ्यात ओतणे म्हणजे विहिरीचे पाणी बिघडवणे आहे.

पुन्हा साचू नये म्हणून

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. तिथवर पोहोचलेल्या गाडीसाठी थोडे नियम पुरतात. धुळीच्या दिवसांत फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर पाहावा. ऑइल वेळेवर बदलावे आणि किती किलोमीटरला किती ऑइल वर भरावे लागले याची नोंद ठेवावी. छोट्या फेऱ्या एकत्र करून एक लांब फेरी करावी. सफाईच्या आधी आणि नंतर पीयूसीचे आकडे, कॉम्प्रेशन आणि एव्हरेज लिहून ठेवावे. आकडे सुधारले तर दोष कार्बनचाच होता. सुधारले नाहीत, तर झिजलेल्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टर यांच्या दुरुस्तीकडे वळावे.