नोंद बाईच्या नावाची, फोन कोणाचा?



या पानावर आम्ही बेणे, खते, पाणी याबद्दल लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे, पण तो आम्हाला उसाच्या नोंदवहीतच सापडला.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. शिवारात फिरणे अवघड झाले, म्हणून आम्ही गटवार व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप काढले. नोंदवहीतले नंबर घालू लागलो तेव्हा ध्यानात आले : शेअर बाईच्या नावाचा, ऊस नोंदही तिचीच, पण नंबर मालकाचा नाहीतर पोराचा. खोडव्याचा सल्ला गेला, तिच्यापर्यंत पोचलाच नाही. चूक आमची; आम्ही कधी विचारलेच नव्हते.

सल्ल्यापुरते असते तर निभावले असते. पण त्या दिवसांत बायांचे बोलणेच तुटले. बचत गटाची बैठक बंद, आठवडी बाजार बंद, माहेरची वाट बंद. घरात मात्र सगळी माणसे दिवसभर, चुलीला उसंत नाही, वर पोरांची शाळा. जीव घाबरला तर सांगावे कोणाला? साथीच्या पहिल्या वर्षात जगात चिंता व नैराश्याचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना जास्त बसली, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले.

आपल्या जिल्ह्याला संकट नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बाया पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकींजवळ बसल्या, रडल्या. पुढे त्यांतल्याच काही घरदुरुस्तीच्या कामात गावोगाव ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. कोरोनात नेमके हे जवळ बसणेच बंद झाले. जिच्या हाती फोन होता तिने ते फोनवर चालू ठेवले. लिहिता न येणारी बोलून निरोप धाडी. एक सभासद भगिनी आम्हाला म्हणाल्या, “साहेब, रातच्याला गटातल्या बाया नुसतं ‘जेवलीस का’ विचारायच्या. तेवढ्यावर झोप लागायची.”

पण फोन म्हणजे काही औषध नव्हे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोठ्या ग्रुपवर ऑक्सिजनच्या बातम्या, मयतांचे फोटो, नाही नाही त्या अफवा यायच्या. त्याने झोप उडालेल्या बायाही आम्ही पाहिल्या. आमच्या मते ओळखीच्या आठ-दहा जणींचा लहान ग्रुप बरा.

आजही घरात कोणाला दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो असे असेल तर “नाटकं करते” म्हणून सोडू नये. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, रात्रंदिवस, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. तिला फोनवर एकटीला बोलू द्यावे. दाराआड उभे राहून ऐकू नये.

येत्या आडसाली लागणीच्या नोंदीला आमचे कर्मचारी घरी येतील. नोंद बाईच्या नावाची असेल तर नंबर तिचाच सांगावा. तिच्याकडे फोन नसेल तर रकाना कोरा ठेवा, दुसऱ्या कोणाचा नंबर तिथे लिहू नका, अशी सूचना आम्ही त्यांना दिली आहे.

– ऊस विकास अधिकारी