घंटेचा नाद आणि मनाचा भाव

आसनगावाजवळून जाणारा कल्याण-नाशिकचा जुना मार्ग थळघाट चढून नाशिकास पोहोंचतो. तेथें गोदातीरीं, १७४७ सालीं बांधलेल्या नारोशंकराच्या देवळांत एक मोठी घंटा आहे. ती मूळची पोर्तुगीज असून तिजवर १७२१ हा आंकडा आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतल्यावर अशा कित्येक घंटा मराठ्यांच्या हातीं आल्या. भीमाशंकर व मेणवली येथील घंटाही त्यांतीलच सांगितल्या जातात. विजयचिन्हें म्हणून त्यांचा उल्लेख नेहमीं होतो. नादानें मनांत भाव कसा उपजतो, या प्रश्नाचेंही त्या साधन आहेत, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत, भरताच्या परंपरेस अनुसरून, स्वरांची रसांशीं सांगड घातली आहे. षड्ज व ऋषभ यांस वीर, अद्भुत व रौद्र. मध्यम व पंचम यांस हास्य व शृंगार. धैवतास बीभत्स व भयानक. आणि गांधार व निषाद यांस करुण रस त्यानें दिला आहे. त्याचा शुद्ध गांधार आजच्या कोमल गांधाराजवळ येतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां घंटेकडे वळूं. जाड कांठाच्या युरोपीय घंटेवर टोला पडला कीं एकाच वेळीं अनेक स्वर उठतात, व त्यांत मुख्य स्वरावरील कोमल गांधार स्पष्ट असतो. तिचा नाद गंभीर व किंचित् उदास वाटतो, याचें एक कारण हेंच होय. येथवर ग्रंथ व धातु यांची साक्ष जुळते.

परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. ख्रिस्ती मंदिरांत घंटा उंच मनोऱ्यांत असते. ती दुसरा कोणी वाजवितो, आणि प्रार्थनेची वेळ किंवा मृत्यूची वार्ता ती दुरून कळविते. आपल्या देवळांत भक्त सामान्यतः स्वतःच्या हातानें टोला देतो. पूजाविधींत घंटानाद देवांच्या आगमनासाठीं सांगितला आहे. त्याच क्षणीं धुपाचा वास व समईचा उजेडही असतो. म्हणून गांधार तोच असतां एके ठिकाणीं मन हुरहुरतें, दुसऱ्या ठिकाणीं आश्वस्त होतें. आमच्या मतें स्वर मनास केवळ ओढ लावतो. ती कोणत्या भावाकडे न्यावयाची, हें कानाची संवय व बरोबरीचीं इंद्रियें ठरवितात. शार्ङ्गदेवाचें कोष्टक याच मर्यादेंत वाचावें.

यावरून संग्राहकांस एक विनंति आहे. घंटेची नोंद करतांना आंकडा, लेख व माप यांबरोबर तिचा मुख्य स्वर, नाद टिकण्याचा अवधि, आणि ती कोण, केव्हां वाजवितो, हेंही लिहावें. पोथी जीर्ण झाली तरी तिची नक्कल उरूं शकते. तडा गेलेल्या घंटेचा मूळ नाद, कोणीं टिपून ठेवला नसेल तर, पुन्हां ऐकावयास मिळणार नाहीं.