मोत्याचा पगार हरभऱ्याएवढा

कारखाने सुरू झाले की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, फुल आवाजात गाणी, आणि ब्रेक मारला तरी गाडी जागेवर थांबेल याची गॅरंटी नाही. अशा वेळी पलीकडचं मांजर बघून आपलं कुत्रं सुटलं, तर त्याला वाचवणारा शब्द एकच, ‘ये’. शेकहँड देणारा मोत्या रील्समध्ये लय भारी दिसतो. पण ‘ये’ ऐकून अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणारा मोत्या संध्याकाळी घरी असतो.

आता तो मागे का फिरेल? समोर मांजर आहे. ते सोडून यायचं तर इकडे मांजरापेक्षा भारी काहीतरी मिळायला पाहिजे. ट्रेनिंग ट्रीट म्हणजे एवढंच. तो लाड नाही, केलेल्या कामाचा पगार आहे. (बिनस्टायपेंडची इंटर्नशिप केलेल्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.)

आपल्याकडे हा पगार बहुतेक वेळा ग्लुकोज बिस्किटात दिला जातो. चहाच्या टपरीवर पुडा फोडायचा आणि एकेक टाकायचं. त्यात मैदा आणि साखर, म्हणजे कुत्र्याला गरज नसलेल्या दोन गोष्टी. शिवाय ट्रेनिंगच्या दृष्टीनेही बिस्किट बाद आहे. ते चावताना चुरा सांडतो, मग मोत्या पुढचं अर्धं मिनिट जमीन हुंगत बसतो आणि तुम्ही काय शिकवत होता ते दोघंही विसरता. चांगली ट्रीट मऊ असते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी असते, एका सेकंदात गिळून होते आणि तिला दणकून वास येतो.

इंटरनेटवरच्या रेसिपी बघितल्या तर ओट्स, ब्लूबेरी, पीनट बटर आणि वर ओव्हन. रूमवर एक इंडक्शन आणि एक कढई असलेल्यांनी काय करायचं? तर भिगवणला जायचं. उजनीच्या बॅकवॉटरला आपण फ्लेमिंगो बघायला जातो, पण तिथल्या मासळी बाजारातली चिलापी कुत्र्याच्या नाकासाठी फ्लेमिंगोपेक्षा मोठी गोष्ट आहे. स्वस्त, भरपूर प्रोटीन आणि वास असा की फ्रीजचं दार उघडलं तरी मोत्या हजर.

करायची पद्धत आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. कोथिंबीर वडी जशी उकडतो, तशीच. पाव किलो चिलापी पाण्यात उकडा, मीठसुद्धा घालायचं नाही. गार झाल्यावर काटे काढा. इथे घाई नको, कारण चिलापीचे काटे सुईसारखे असतात आणि घशात रुतले तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे पळावं लागतं. म्हणून मासा बोटांनी कुस्करून दोनदा तपासा. काट्यांची भीती वाटत असेल तर बोनलेस चिकन वापरा, काही बिघडत नाही. त्यात एक अंडं, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि गोळा बांधला जाईल इतकं बाजरीचं पीठ, साधारण एक वाटी. नाचणीचं पीठही चालतं. लांबट उंडे वळा, चाळणीला तेलाचा हात लावून त्यावर ठेवा आणि वीस मिनिटं वाफवा. पूर्ण गार झाल्यावर चकत्या आणि चकत्यांचे बारीक चौकोन. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. बाकीचे फ्रीजरमध्ये टाका आणि रोज लागतील तेवढेच बाहेर काढा. रूमवर फ्रीज नसेल तर अर्ध्याच मापाने करा आणि खालच्या काकूंशी गोड बोला.

फोडणी, तिखट, मसाला यातलं काहीच नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मेसमधला उरलेला रस्सा भाकरीवर ओतून देणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. शिजलेली हाडंही नकोत, ती फुटून टोकदार होतात.

आणि द्राक्षं. इंदापूर-बारामतीत द्राक्षबागा आहेत, हंगामात घरात क्रेट येऊन पडतात आणि खाली पडलेला मणी कुत्र्याने उचलला तर आपण हसतो. हसू नका. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, ते प्रत्येक कुत्र्यात वेगळं, त्यामुळे ‘एकाने काय होतंय’ याला अर्थ नाही. कारण टार्टारिक आम्ल असावं असं पशुवैद्यक आता मानू लागलेत आणि ते चिंचेतही असतं. उलट्या सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. चॉकलेटचंही तेच. बारामतीच्या एमआयडीसीत फेरेरोचा कारखाना असला, तरी मोत्यासाठी चॉकलेट विषच. पीनट बटर वापरणारच असाल, तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचा. असेल तर ते घातक आहे.

आता शिकवणं. पहिल्या दिवशी मैदानावर जाऊ नका. खोलीतच दोन पावलांवर उभे राहा, नाव घेऊन ‘ये’ म्हणा, आला की त्याच सेकंदाला तुकडा. उशीर झाला की त्याला वाटतं पगार बसल्याचा मिळाला, आल्याचा नाही. दोन-तीन मिनिटं पुरे. मग अंगण, मग लांब दोरी बांधून मोकळं रान. ट्रॅफिकचा रस्ता प्रॅक्टिससाठी कधीच नाही. चिलापीचा तुकडा फक्त ‘ये’साठी राखून ठेवा. ‘बस’ म्हटल्यावर बसला तर भाकरीचा कण किंवा उकडलेलं गाजर बास. अवघड कामाला जास्त पगार, साधा हिशोब. आणि बोलावून घेऊन कधीही रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो तिथूनच विचार करतो.

१९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत हजारो किलो आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्रॅडॉर ‘जंजीर’ आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला होता. असं हुंगण्याचं काम कुत्र्याला दांडक्याने शिकवता येत नाही. त्याच्यासाठी तो खेळ असतो, वास सापडला की बक्षीस. आपल्या वाड्या-वस्त्यांवर मात्र अजूनही कुत्र्याला ‘सरळ’ करायला आधी काठी उचलली जाते. काठी बघून कुत्रं लांब पळायला शिकतं, आणि आपल्याला तर ते जवळ यायला हवंय.

पोट सुटू नये म्हणून दिवसभराच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा ट्रीट जास्त नको, आणि तेवढं जेवणातून कमी करा. ‘ये’ पक्कं झालं की तुकडा कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा. कधी मिळेल हे माहीत नसलं की तो जास्त जोरात येतो. नोटिफिकेशन बघायला आपण फोन उचलतो, तसंच.

कॉलेजच्या गेटवरच्या अनोळखी कुत्र्यावर हे प्रयोग करायचे असतील तर तुकडा हातातून देऊ नका, जमिनीवर टाका. तरीही दात लागलाच, तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.