मैदान निम्मे, करंडक एक जास्त

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कची अखेरची प्रेक्षकक्षमता सुमारे ३८,६०० होती. तिथे घर असताना क्रुसेडर्स या रग्बी संघाने १९९८ ते २००८ दरम्यान ७ विजेतेपदे मिळवली. मग हाच संघ शहरातल्याच ॲडिंग्टन भागातल्या तात्पुरत्या मैदानावर गेला. क्षमता सुमारे १८,०००. तिथल्या काळात, २०१७ ते २०२५ दरम्यान, ८ विजेतेपदे! त्यांतली २०२० आणि २०२१ची दोन करोनाकाळातल्या, फक्त न्यूझीलंडच्या संघांच्या स्पर्धेची.

१८८१मध्ये खुले झालेले लँकेस्टर पार्क नुसते रग्बीचे कधीच नव्हते. न्यूझीलंडची पहिली क्रिकेट कसोटी जानेवारी १९३०मध्ये इथेच झाली. रिचर्ड हॅडलीने १९९०मध्ये कसोटीतला ४०० वा बळी इथेच टिपला. त्रिफळा उडाला होता मुंबईकर संजय मांजरेकरचा. १९८१मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ आला, तेव्हा वर्णभेदविरोधी निदर्शक सामन्याआधी मैदानात घुसले. न्यूझीलंडने तो सामना १४-९ असा जिंकला.

२२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८५ जणांचा जीव गेला. पार्कच्या जमिनीखालचा ओला गाळ उसळून वर आला, मैदान उंचसखल झाले, स्टँडना तडे गेले. त्या वर्षीच्या रग्बी विश्वचषकातले क्राइस्टचर्चच्या वाट्याचे ५ साखळी आणि २ उपांत्यपूर्व सामने इतर शहरांत हलवावे लागले. २०१९मध्ये पार्कचे पाडकाम पूर्ण झाले.

ॲडिंग्टनचे मैदान १०० दिवसांत उभे राहून मार्च २०१२मध्ये सुरू झाले. ‘तात्पुरत्या’ मैदानाने पुढे १४ हंगाम काढले. म्हणून त्याला लकी म्हणायचे, तर पहिल्या पाच हंगामांत तिथे एकही करंडक आलेला नाही. दुसरीकडे, क्रुसेडर्सचे पहिले तिन्ही अंतिम सामने ऑकलंड, डुनेडिन आणि कॅनबेरा इथे, म्हणजे परक्या मैदानांवर जिंकलेले. खुर्च्यांची संख्या आणि विजेतेपदे यांचा मेळ काही बसत नाही.

तरीही २०२२मध्ये महापालिकेने नव्या, छप्पर असलेल्या स्टेडियमचा खर्च ५३.३ कोटींवरून ६८.३ कोटी न्यूझीलंड डॉलरवर नेण्यास मंजुरी दिली. क्षमता ३०,०००, म्हणजे प्रत्येक जागेमागे सुमारे २२,८०० डॉलर. क्लबच्या सामन्यांसाठी ॲडिंग्टन पुरत होते. मोठ्या आंतरराष्ट्रीय लढती आणि पावसापाण्यात अडू नयेत असे संगीताचे कार्यक्रम शहरात आणणे, हा नव्या स्टेडियममागचा हिशेब आहे. तेव्हा त्याचे यश मोजायचे, तर क्लबचा सामना नसलेल्या दिवशी किती खुर्च्या भरतात, ते मोजावे लागेल.